तंजावरचे नेत्रवैद्य राजे

भोसले घराण्याच्या सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचा इतिहास महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तिसऱ्या, तंजावरच्या गादीची आठवण मात्र क्वचितच निघते. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या खोऱ्यात ही गादी स्थापन केली. तमिळ मुलखाच्या मधोमध मराठी भाषा आणि मोडी लिपी यांचे हे बेट पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले. या गादीवरील दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) हे विद्याव्यासंगी म्हणून विख्यात आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. परंतु या ग्रंथालयात पोथ्यापुराणांच्या जोडीने आणखी एक ठेवा जपला गेला आहे. तो आहे सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या नेत्ररुग्णांच्या नोंदींचा. मोतीबिंदूने अंध झालेल्या माणसांना दृष्टी परत मिळावी यासाठी एका मराठी राजाने केलेल्या खटाटोपाची ती साक्ष आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्याच एका शाखेत झाला. तंजावरचे तुळजाजीराजे यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ मध्ये या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलाची जबाबदारी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपवली होती. पण तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तकविधान शास्त्रसंमत नसल्याचा निर्वाळा पंडितांकडून मिळवण्यात आला आणि ईस्ट इंडिया कंपनीने तो मानला. अमरसिंह राजे झाले आणि सरफोजी त्यांच्या ताब्यात अडकले. मुलाला उजेडाची वानवा असलेल्या जागी कोंडून ठेवले जाते, त्याच्या शिक्षणाची कोणतीही सोय नाही, अशा तक्रारी श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले.

मद्रासमधील वास्तव्याने या मुलाचे आयुष्य बदलले. मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू या भाषांबरोबरच इंग्रजी आणि अन्य युरोपीय भाषांशी त्यांचा परिचय झाला. गणित, भूगोल, निसर्गविज्ञान यांची गोडी लागली. इकडे श्वार्ट्झ यांनी दत्तकाच्या प्रश्नाचा पाठपुरावा सोडला नव्हता. कंपनीने नव्याने चौकशी केली, दत्तक वैध ठरले आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ मात्र तो दिवस पाहू शकले नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या स्मृतीसाठी राजांनी इंग्लंडमधील नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. अंथरुणाला खिळलेल्या गुरूजवळ उभे असलेले सरफोजी त्यात आजही पाहायला मिळतात.

गादी मिळाली, पण तिची किंमतही लगेच मोजावी लागली. ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, त्याभोवतीचा परिसर, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा एक पंचमांश हिस्सा. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी ते राज्य नसलेले राजे झाले. त्याच काळात त्यांचे कोल्हापूरचे भाऊबंद पटवर्धन आणि निपाणीकर यांच्याशी झुंजत होते. १८१२ च्या तहात मालवणसारखे ठाणे इंग्रजांना देऊन करवीरकरांना आपले राज्य सावरावे लागले. सरफोजींना लढायला सैन्य नव्हते आणि राखायला सरहद्दही नव्हती. हातात होता तो ठरावीक पैसा आणि मोकळा वेळ. अशा स्थितीत संस्थानिक ऐषारामात बुडाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. सरफोजींनी मात्र दोन्ही गोष्टी विद्येच्या कामी लावल्या.

त्यांनी पूर्वजांचा ग्रंथसंग्रह अनेक पटींनी वाढवला आणि युरोपातून हजारो पुस्तके मागवली. काशीयात्रेला गेले तेव्हा तेथूनही हस्तलिखिते आणली. १८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरी टाइपांचा छापखाना सुरू केला. इसापनीतीचे मराठी भाषांतर असलेला 'बालबोध मुक्तावली' हा ग्रंथ १८०६ मध्ये तेथे छापला गेला. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाने अजून बाळसे धरले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट! बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला 'भोसले वंशचरित्र' हा प्रदीर्घ मराठी शिलालेखही त्यांच्याच काळातला. त्यांनी शाळा काढल्या आणि अन्नछत्रे चालवली. या साऱ्या उद्योगांच्या मालिकेतच 'धन्वंतरी महाल' येतो.

धन्वंतरी महालात उपचार होत, औषधे तयार होत आणि त्यांचे गुणधर्मही पडताळून पाहिले जात. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक अशा चारही परंपरांचे जाणकार येथे एकत्र आले होते. औषधी वनस्पतींची हुबेहूब चित्रे काढून घेण्यात आली. गुणकारी ठरलेल्या औषधांची माहिती तमिळ पद्यांत गुंफून ग्रंथबद्ध करण्यात आली. ज्या प्रजेसाठी ही औषधे होती तिची भाषा तमिळ होती. मराठी राजाने हे भान कधी सुटू दिले नाही.

डोळ्यांच्या विकारांकडे राजांचे विशेष लक्ष होते. त्या काळी मोतीबिंदू म्हणजे उतारवयातील अंधत्व हे जवळजवळ ठरलेलेच असे. डोळ्याच्या बाहुलीमागे असलेले पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होते आणि प्रकाश आत जाईनासा होतो. यावरचा जुना उपाय सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. धारदार शलाका डोळ्यात घालून ते गढूळ भिंग प्रकाशाच्या वाटेतून बाजूला ढकलायचे. ही विद्या पुढे गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हाती गेली. भिंग खाली ढकलले की रुग्णाला तत्काळ अंधूक दिसू लागे. वैदू आपली बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. काही दिवसांनी डोळा सुजला, पिकला, कायमचा गेला, तर ते पाहायला तो तेथे नसे. युरोपात फ्रेंच शल्यविशारद जाक दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास डोळ्याला छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. सरफोजींच्या काळी या दोन्ही पद्धती प्रचारात होत्या. डोळ्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे ही कल्पनाही नवीच होती. लंडनचे मूरफिल्ड्स १८०५ मध्ये सुरू झाले होते, तर मद्रासचे नेत्ररुग्णालय १८१९ मध्ये स्थापन झाले.

याच सुमारास तंजावरमध्ये जे घडत होते त्याचे वेगळेपण सरस्वती महालातील कागदांवरून कळते. रुग्णाची हकीकत, डोळ्याची अवस्था, केलेली शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची प्रगती असा तपशील या इंग्रजी नोंदींत आढळतो. सोबत विकारग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. राजे शस्त्रक्रियेची हत्यारे सतत जवळ बाळगत आणि मोतीबिंदूच्या काही शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या, असे मानले जाते. रक्त, पू आणि परक्या देहाचा स्पर्श यांना विटाळ मानणाऱ्या काळात छत्रपतींच्या कुळातील एका राजाने प्रजेच्या डोळ्यांशी इतकी जवळीक साधावी, हेच मुळात धाडसाचे होते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ती नोंद. फिरता वैदू ज्या क्षणी निघून जाई, त्या क्षणानंतर काय झाले हे तंजावरात लिहून ठेवले जात होते.

तरीही या साऱ्या प्रयत्नांना एक मर्यादा होती आणि ती त्या काळाचीच मर्यादा होती. गढूळ भिंग दूर झाले, तरी त्याची जागा रिकामीच राहत असे. प्रकाश एकत्र आणण्याच्या डोळ्याच्या शक्तीपैकी सुमारे एक तृतीयांश शक्ती या भिंगात असते. ते गेले की उजेड दिसतो, माणसांच्या आकृती दिसतात, परंतु अक्षर लागत नाही आणि चेहरा स्पष्ट होत नाही. जाड बहिर्गोल काचांच्या चष्म्याने ही उणीव काहीशी भरून निघे, पण अशा चष्म्यातून प्रत्येक वस्तू पाव पटीने मोठी दिसते आणि कडेचे नीट दिसत नाही. डोळ्यातच काचेचे भिंग बसवावे असा विचार त्याही काळी कोणाच्या मनात आला नव्हता असे नाही. सरफोजी मद्रासमध्ये शिकत होते त्या सुमारास, १७९५ च्या आसपास, कासामाता नावाच्या नेत्रवैद्याने जर्मनीतील ड्रेस्डेन येथे तसा प्रयत्न केला. काचेचे ते भिंग डोळ्याच्या तळाशी घसरले आणि प्रयत्न फसला.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. साताऱ्याची गादी त्याआधीच, १८४८ मध्ये गेली होती. भोसले कुळाच्या तीन गाद्यांपैकी कोल्हापूरची तेवढी टिकली. तंजावरात राजाश्रय संपला आणि धन्वंतरी महालाची परंपरा पुढे चालवणारे कोणी उरले नाही. सरस्वती महाल १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, तरी नेत्ररुग्णांचे ते कागद उपेक्षितच राहिले. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रीनाथ आणि सरफोजींचे वंशज यांच्या भेटीत त्यांचा विषय निघाला आणि त्यानंतर वैद्यकीय जगाचे लक्ष या नोंदींकडे वळले.

मधल्या काळात ती रिकामी जागा भरली गेली होती. हॅरल्ड रिडले हे मूरफिल्ड्स आणि सेंट थॉमस या लंडनच्या रुग्णालयांतील नेत्रतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या झाकणाचे पर्स्पेक्स या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हे तुकडे डोळा सहन करतो, असे त्यांना आढळले होते. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग घडवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी ते सेंट थॉमसमध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात नैसर्गिक भिंगाच्या जागी बसवले. योगायोग असा, की त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन भोसल्यांची शेवटची गादीही इतिहासजमा झाली होती. पहिल्या भिंगाची शक्ती नेमकी जुळली नाही आणि समव्यावसायिकांचा विरोध रिडले यांना कित्येक वर्षे सोसावा लागला. तरीही रुग्णांवर नजर ठेवणे आणि चुका सुधारत राहणे त्यांनी सोडले नाही. पुढे १९९२ मध्ये तंजावरच्याच तमिळ मुलखात, मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये अशी भिंगे तयार होऊ लागली. परदेशी भिंगाच्या तुलनेत त्यांची किंमत अगदी कमी असल्याने ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारख्या जाड काचांचा चष्मा लावलेले आजी-आजोबा एके काळी कोल्हापूरच्या पेठांमधून हमखास दिसत. आता ते दृश्य दुर्मिळ झाले आहे. थोड्या मिनिटांची शस्त्रक्रिया, डोळ्यात बसवलेले इवलेसे भिंग आणि लवकरच पुन्हा हाती आलेले वर्तमानपत्र, हा अनुभव आता घरोघरचा आहे. या प्रवासात सरफोजींचा वाटा भिंगाच्या शोधाचा नाही आणि तसा दावा करणे इतिहासाला धरून होणार नाही. रुग्णाचा डोळा उघडला म्हणजे वैद्याचे काम संपत नाही, पुढे त्याला काय दिसले हेही पाहायचे आणि लिहून ठेवायचे असते, ही शिस्त मात्र त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी पाळली. शस्त्रक्रियेनंतर ठरल्या दिवशी डोळा तपासून घेण्याचा आजचा सल्ला अनेक जण कंटाळून टाळतात. त्या तपासणीचे मोल तंजावरच्या या राजांनी केव्हाच ओळखले होते.