रुमालांतला इतिहास : वि. का. राजवाडे

गॅदरिंगला एखादा नामवंत पाहुणा आला, की आपण स्वाक्षरीच्या वह्या घेऊन त्याच्याभोवती गर्दी करतो. एखाद्या मोठ्या पुढाऱ्याची सही असलेला फोटो हाती लागला, तर तो चौकटीत बसवून भिंतीवर लावतो. छंद निरुपद्रवी आहे. पण ज्यांनी एकेकाळी दिल्लीपासून तंजावरपर्यंत राजकारण केले, त्यांची अस्सल पत्रे वाळवीच्या तोंडी आणि वाण्याच्या पुड्यांत जात होती, तेव्हा ती वेचण्यासाठी एका माणसाने उभे आयुष्य खर्ची घातले. हा माणूस म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडील लहानपणीच वारले. शिक्षण पुण्यात व काही काळ मुंबईस झाले. १८८२ साली मॅट्रिक झाल्यावर बी.ए. होण्यास त्यांना आठनऊ वर्षे लागली. हे वाचून आपल्यापैकी कोणाला दिलासा वाटला, तर त्याने पुढचेही वाक्य वाचावे. नेमलेल्या पुस्तकांकडे त्यांचे लक्ष नव्हते हे खरे. परंतु डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयाकडे ते पुरेपूर होते. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र अशी चौफेर वाचनाची भूक घेऊन ते तेथे वावरले. परीक्षा त्यांनी सवडीने दिली. अभ्यास मात्र कधीच थांबवला नाही.

पुढे काही काळ त्यांनी शिक्षकी केली. ऐन तारुण्यात पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १८९४ मध्ये ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’सारखा ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग केला. मासिक तीनचार वर्षांत बंद पडले. पण तोवर त्यांना आयुष्याचे काम सापडले होते.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे एकीकडे बखरी आणि दुसरीकडे १८२६ साली प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा ग्रंथ. बखरी बहुधा घटनांनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या. डफ परका आणि राज्यकर्त्या जातीचा. मग खरे काय घडले हे सांगणार कोण? राजवाड्यांचे उत्तर सरळ होते. ज्या दिवशी घटना घडली, त्या दिवशी लिहिलेला कागद सांगणार. वाईस त्यांना पेशवाईतील पत्रांचा मोठा साठा मिळाला आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर आला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पानिपतावरील संहाराच्या कथा घरोघर माहीत होत्या; पण सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना रसद आणि पैशाविषयी पुनःपुन्हा काय लिहीत होते, हे लोकांपुढे आले ते या पत्रांतून. दंतकथेतला सेनापती येथे पैशाच्या चिंतेत बुडालेला माणूस म्हणून दिसू लागला.

जुन्या मराठी पत्रावर आजच्यासारखी सही शोधू जाल तर फसाल. मजकूर कारकुनाने मोडीत लिहायचा. धन्याचा अधिकार कळायचा तो माथ्यावरच्या शिक्क्यावरून आणि अखेरच्या मोर्तबावरून. तारीख बहुधा मुसलमानी चंद्राची, तीही ‘छ’ या एका अक्षराच्या खुणेने दिलेली. पुष्कळ पत्रांत महिना व चंद्र असतो, वर्ष मात्र नसते. ते मजकुरातल्या माणसांवरून, मुक्कामांवरून आणि मोहिमांवरून हुडकावे लागते. राजवाडे हे काम गावोगावच्या ओसऱ्यांवर बसून करीत.

आणि कागद तरी सुखासुखी कोण दाखवणार? इनाम कमिशनाच्या चौकशीत वतने आणि इनामे गमावल्याच्या आठवणी जुन्या घराण्यांत ताज्या होत्या. दप्तर मागायला आलेला अनोळखी माणूस सरकारचा हेर तर नव्हे, अशी शंका येई. कोणी रुमाल सोडून दाखवी, कोणी दारातूनच वाटेला लावी. राजवाडे पुन्हा जात. हाताने स्वयंपाक करावा, मिळेल तेथे पथारी टाकावी, नकला कराव्यात आणि पुढच्या गावचा रस्ता धरावा, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. सरकारी आश्रय त्यांनी मागितला नाही. अशा भ्रमंतीतून ‘साधनां’चे २२ खंड उभे राहिले.

मिरजेस वासुदेवशास्त्री खरे आणि साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस हेही त्याच काळात याच क्षेत्रात झटत होते. एकट्यादुकट्याच्या संग्रहाचे त्याच्यामागे काय होणार, हा प्रश्न सर्वांपुढेच होता. ७ जुलै १९१० रोजी राजवाड्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते याच प्रश्नाचे उत्तर होते.

येथे त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वभाव कमालीचा तापट, मत मांडले की मागे घेणे नाही. स्वतः काढलेल्या मंडळाशीही त्यांचे पटेनासे झाले. उत्तरायुष्यात ते धुळ्यास राहिले. व्युत्पत्तीवरून त्यांनी बांधलेले पुष्कळ इमले आज टिकत नाहीत आणि त्यांच्या लेखनातील जातीचा अभिमान आजच्या वाचकाला खुपतो. तरीही ज्यांनी त्यांची मते खोडून काढली, त्यांनाही त्यांनीच छापलेल्या पत्रांचा आधार घ्यावा लागला. निष्कर्ष चुकले तरी पुरावा शिल्लक ठेवला, ही त्यांची खरी थोरवी. ‘राधामाधवविलासचंपू’ आणि ‘महिकावतीची बखर’ हे दुर्मिळ ग्रंथ त्यांच्यामुळेच प्रकाशात आले. सारे लेखन त्यांनी हट्टाने मराठीतच केले.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांच्या कागदांना घर मिळाले.

माझ्या आजोळी माळ्यावर कागदांचा एक रुमाल होता, असे आजी सांगे. मोडी कोणालाच येईना, म्हणून एका पावसाळ्यात तो थोडाथोडा करून बंबात गेला. त्यात काय होते? कदाचित सावकाराचे हिशोब असतील, कदाचित आणखी काही. आता ते कधीच कळायचे नाही. राजवाडे त्या गावी पोचले असते तर, असे मला नेहमी वाटते. पण एक माणूस किती गावे फिरणार? आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा रुमाल अजून असेल. आज कागदाचे छायाचित्र घेण्याची सोय प्रत्येकाच्या हातात आहे आणि मोडी शिकायला काही महिने पुरतात. या सुट्टीत गावी गेलात, तर माळ्यावर एकदा चढून पाहा. बंब पेटण्याआधी तेवढे झाले पाहिजे.