विश्लेषण : मराठी ‘शिंगाळा’ जगाच्या शास्त्रीय यादीत कसा पोहोचला? कर्नल साइक्स यांची १८३९ची नोंद आजही का महत्त्वाची?

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्यात शिंगाळा हा मासा सर्वांच्या ओळखीचा. लांब मिशा, खवले नसलेली गुळगुळीत कातडी आणि हाताला जखम करणारा काटा ही त्याची खूण. जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ त्याला ‘स्पेराटा सिंघाला’ म्हणतात. त्यातला ‘सिंघाला’ हा आपला शिंगाळाच. हा मराठी शब्द शास्त्रात नेणारे होते ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

कोण होते साइक्स?

साइक्स यांचा जन्म १७९० मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी ते भरतपूरच्या वेढ्यात होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशव्यांविरुद्धच्या खडकीच्या लढाईत ते इंग्रजांच्या बाजूने लढले. पेशवाई संपली, १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्लाही इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि नव्या राज्यकर्त्यांना या मुलखाची मोजदाद हवी होती.

शिपाई माशांकडे कसा वळला?

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांना सांख्यिकी अधिकारी नेमले. पिके, जमीन, लोकसंख्या, हवामान अशा साऱ्याची नोंद करणे हे त्यांचे काम. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे त्यांचे कार्यक्षेत्र. तेव्हा वेगळा नाशिक जिल्हा नव्हता, तो १८६९ मध्ये झाला. त्र्यंबकचा परिसर अहमदनगरकडे होता. गावोगाव फिरताना साइक्स पक्षी, प्राणी आणि मासेही टिपू लागले. १८२९ च्या अखेरीस सरकारने हे पदच रद्द केले. तरीही साइक्स थांबले नाहीत. जानेवारी १८३१ पर्यंत स्वतःहून काम करून त्यांनी ते पूर्ण केले आणि मगच ते मायदेशी गेले.

कोणते मासे नोंदवले?

दख्खनच्या चाळीसहून अधिक माशांचे वर्णन साइक्स यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ मध्ये मांडले. ते १८३९ मध्ये छापले गेले, पुढे चित्रांसह आले. बरेचसे मासे पुण्याच्या मुळा-मुठेतले आणि पेडगावजवळच्या भीमेतले. ज्या मुळेच्या परिसरात ते लढले होते, त्याच नदीतले मासे त्यांनी मोजून घेतले.

यात मिशीवाले मासे, म्हणजे कॅटफिश, ठळक आहेत. सिंघाला, ताकरी, गुंगवारी, गोग्रा, लोना ही त्यांना दिलेली नावे स्थानिक बोलीतून आली. महाकाय गूंच माशाला मात्र त्यांनी इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम यॅरेल यांचे नाव दिले. नाकावर खोल खाच असलेला, मिशीवाल्यांत न मोडणारा एक मासा ‘नुक्ता’ झाला, तो आपला ‘नकटा’. भोई-कोळ्यांच्या तोंडचे शब्द अशा रीतीने टिकले. ते शब्द सांगणाऱ्यांची नावे मात्र शास्त्रीय नावांत कुठेच नाहीत.

हे मासे वेगळे कसे?

गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या अंधारात डोळ्यांचा उपयोग कमी. म्हणून या माशांच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. तळ चाचपत ते भक्ष्य शोधतात. शत्रू आला की पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा ताठ होतो. अमेरिकेच्या नद्यांतील कॅटफिशचीही हीच हत्यारे. तिथल्या चॅनल कॅटफिशचा नर अंड्यांची राखण करतो. आपल्याकडे शिंगाळ्याचा नरही तळात खळगा करून घरटे राखतो. लोना हा छोटा मासा छातीखालच्या चुण्यांच्या आधाराने वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. म्हणजे एकाला शाबूत तळ हवा, तर दुसऱ्याला वाहते पाणी.

नोंदीत उणे काय?

साइक्स यांनी वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरली ती वर्णने, चित्रे आणि नद्यांची नावे. त्यामुळे ‘मुसुल्ला’ म्हणजे नेमका कोणता मासा, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. अशा वेळी स्थानिक नाव आणि ठिकाण हेच मोठे पुरावे ठरतात.

पुढे काय झाले?

साइक्स १८३३ मध्ये लष्करातून निवृत्त झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. १८५६ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५७ मध्ये ते ॲबरडीनमधून ब्रिटिश संसदेत निवडून आले आणि अखेरपर्यंत खासदार राहिले. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज ही यादी का हवी?

साइक्स यांच्या काळात या नद्यांवर मोठी धरणे नव्हती, शहरांचे सांडपाणी नव्हते. त्यामुळे नदीने काय गमावले, हे मोजायला त्यांची यादी पायाभूत ठरते. पुण्यातील अभ्यासक मुळा-मुठेतल्या माशांची तुलना आजही तिच्याशी करतात. गोदावरीवर आता त्र्यंबक आणि नाशिकच्या मधे गंगापूर धरण आहे. त्र्यंबक गावात पात्राचा काही भाग काँक्रीटखाली गेला आहे. वाळू उपसली की शिंगाळ्याच्या घरट्याचा तळच जातो. त्यात पालनास बंदी असलेला आफ्रिकन मांगूर नदीत शिरला, तर तो स्थानिक माशांवरच ताव मारतो.

साइक्स यांनी नोंदवलेले नाव आता पुसले जाणार नाही. प्रश्न आहे तो त्या नावाचा मासा नदीत उरण्याचा.