महिन्याचा पगार की मनातलं काम?

मैत्रिणींनो, आपल्या मालेगावात आता सायकॉलॉजी किंवा समाजकार्य शिकलेल्या मुली, सुना बऱ्याच दिसतात. कुणी शाळेत समुपदेशक असते, कुणी एखाद्या संस्थेत. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, घरात बरं चाललेलं असतं. पण मनात एक विचार घोळत राहतो. कॅम्पात नाहीतर मोसम पुलाजवळ एखादी खोली घ्यावी, पाटी लावावी आणि स्वतःचं समुपदेशन केंद्र सुरू करावं का? लगेच पुढचे प्रश्न येतातच. कुणी येईल का? आलेल्या बाईला लोक वेडी म्हणतील का? भाडं सुटेल का? घरचे काय म्हणतील?

सुमारे शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न मुंबईतल्या एका प्राध्यापकापुढे होता. ते गणित शिकवायचे. नाव रघुनाथ धोंडो कर्वे. सगळे त्यांना र. धों. म्हणून ओळखतात. महर्षी कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२चा, कोकणातल्या मुरुडचा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी घरोघरी बाळंतपणं व्हायची आणि घरोघरी बायका जायच्या. लोक नशिबाला बोल लावायचे आणि पुढे चालायचे. आई गेल्यावर दोन वर्षांनी, १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. या लग्नामुळे मुरुडच्या लोकांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. लोक काय म्हणतील, या प्रश्नाचं उत्तर या मुलाने फार लहान वयात आपल्याच घरात बघितलं. लोक बोलतात, वाळीत टाकतात, आणि तरीही माणूस जगतो.

मुलगा हुशार होता. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाला आणि गणिताचा प्राध्यापक झाला. पुढे पॅरिसला जाऊन गणिताचं वरचं शिक्षणही घेतलं. पण गणिताच्या पुस्तकांच्या जोडीला त्यांचं आणखी एक वाचन चालू होतं. मुलं किती आणि कधी व्हावीत हे बाईच्या हातात येऊ शकतं का, लैंगिक आजार का होतात, ते टाळता कसे येतील, या विषयांवरचं. आपल्याकडे नवराबायकोसुद्धा एकमेकांशी ज्याबद्दल बोलत नव्हते, ते सगळं त्यांनी शास्त्र म्हणून वाचून काढलं.

मग १९२१ साल आलं. त्या वर्षी मार्चमध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याआधी अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली असंच केंद्र काढलं होतं, पण थोड्याच दिवसांत पोलिसांनी ते बंद पाडलं. आणि त्याच १९२१ साली र. धों.नी मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं. पाळणा लांबवण्याची साधनं आणि त्याबद्दलचा सल्ला तिथे मिळू लागला. सरकारचा पाठिंबा नाही, कुठली मोठी संस्था पाठीशी नाही. १९२३ मध्ये त्यांनी याच विषयावर सोप्या मराठीत पुस्तकही काढलं.

एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. केंद्र काढलं म्हणून त्यांनी लगेच नोकरी सोडली नाही. ते विल्सन कॉलेजात शिकवत होते आणि जोडीला हे काम करत होते. आपल्या भाषेत सांगायचं तर एक पाय जमिनीवर ठेवून दुसरा उचलला. चार वर्षं असं चाललं. पण कॉलेज मिशनऱ्यांचं. आपला प्राध्यापक अशा विषयावर उघडपणे लिहितो, बोलतो, हे त्यांना रुचणारं नव्हतं. शेवटी १९२५ मध्ये प्रचार की नोकरी, अशी निवड करायची वेळ आली. त्र्येचाळीस वर्षांच्या र. धों.नी राजीनामा दिला.

प्राध्यापकाचा पगार त्या काळी म्हणजे मोठी गोष्ट. तो थांबला. केंद्रातून श्रीमंती येण्यासारखी नव्हतीच. ज्यांना गरज सगळ्यात जास्त, त्यांच्याकडेच पैसे नव्हते आणि तिथे यायची हिंमतही नव्हती. या सगळ्यात पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबर उभ्या राहिल्या. दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही, असं ठरवलेलं होतं. त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावं लागत असेल, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. सभा, लेख, वाद हे र. धों.च्या वाट्याला आले. पण शेजारपाजारच्या नजरा झेलायचं काम मालतीबाईंचंच असणार. र. धों.च्या चरित्रात त्यांचं नाव थोडक्यात येतं. खरं तर त्यांच्यावाचून हे काम उभं राहिलं नसतं.

जुलै १९२७ मध्ये र. धों.नी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. केंद्रात यायला जे लाजायचे, त्यांना आता पत्र लिहिता येऊ लागलं. वाचक आपले खासगी प्रश्न कळवायचे आणि र. धों. त्यांना न लाजता, न रागावता, शास्त्राला धरून उत्तरं द्यायचे. आज ज्याला आपण समुपदेशन म्हणतो, तेच हे. फक्त पोस्टाने चाललेलं!

याची किंमतही मोजावी लागली. अश्लीलतेचा आरोप ठेवून १९३१ साली त्यांच्यावर खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, आणि तोही वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांच्या मनात शंका असतील तर त्यांना ज्ञानच दिलं पाहिजे, आणि लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, अशी बाबासाहेबांची बाजू होती. खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही. तब्बल २६ वर्षं चाललं.

१४ ऑक्टोबर १९५३ला र. धों. गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला होता. देशपातळीवर असा कार्यक्रम घेणारा जगातला हा पहिला देश! ज्या कामापायी एका माणसाची नोकरी गेली, ते काम आता सरकार स्वतः करू लागलं. वडील महर्षी कर्वे पुढे १९६२ पर्यंत जगले, १९५८ला भारतरत्न झाले. थोरला मुलगा मात्र उपेक्षेतच गेला. २००१ साली अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा त्यांच्यावरचा चित्रपट काढला, तेव्हा कितीतरी जणांना हे नाव नव्याने कळलं.

मग या आयुष्याकडे बघून आपल्या मैत्रिणीने काय करावं? नोकरी सोडून द्यावी? असं मी मुळीच म्हणणार नाही. र. धों.नी आधी अभ्यास केला, मग केंद्र काढलं, आणि नोकरी अगदी शेवटी सोडली. हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे. आधी आपलं शिक्षण आणि अनुभव पुरेसा आहे का ते तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती नसेल तर तशी पाटी लावू नका. गोळ्याऔषधांची गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला लाजू नका. सुरुवातीला आठवड्यातून दोन संध्याकाळी बसा. किमान वर्षभराचं भाडं बाजूला काढून ठेवा. फी ठरवा आणि ती सांगायला संकोच करू नका. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी एक वेळ राखून ठेवली तरी चालेल.

आणि खोली निवडताना जिन्याचा विचार जरूर करा. आपल्या गावात कोण कुणाकडे जातं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. येणारीला चारचौघांच्या नजरेतून न जाता वर येता आलं पाहिजे. तिथे ऐकलेलं तिथेच राहिलं पाहिजे, अगदी आपल्या नवऱ्यालासुद्धा कळता कामा नये. र. धों.ना आलेली पत्रं आठवा. विश्वास होता म्हणूनच लोकांनी ती लिहिली.

घरच्यांशीही आधीच मोकळं बोला. कमाई कमी होणार, ती किती दिवस चालेल, घरातली कामं कोण बघणार, हे आधीच ठरू द्या. मालतीबाईंसारखी साथ देणारं माणूस घरात आहे का, हा प्रश्न बाईच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचा. तशी साथ आज नसेल तर थोडं थांबा, पण विचार सोडू नका. कुणी येईल का, या प्रश्नाचं उत्तर मात्र र. धों.च्या काळातही होतं आणि आजही आहे. बोलायला जागा नसलेल्या बायका तेव्हाही होत्या. आपल्या गल्लीतही आहेत.