उघड्या दाराचे घर : डॉ. आत्माराम पांडुरंग

महाराष्ट्रातून दिल्लीला आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांच्या इतिहासाचे पहिले पान कोणा परिचिताच्या घरी लिहिले गेले आहे. स्टेशनवर उतरल्यावर गावाकडून आणलेली चिठ्ठी दाखवावी, कोणाच्या तरी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सतरंजी पसरावी, आणि त्या घरच्यांकडूनच या शहराची भाषा व रीत शिकून घ्यावी, असे पुष्कळांच्या बाबतीत घडले. परमुलखातील अशा घराचे ऋण किती मोठे असते, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. म्हणूनच अशाच एका घराचे यजमान, मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंग, यांचे चरित्र शाळेच्या या हीरक महोत्सवी स्मरणिकेत आठवावेसे वाटते.

आत्मारामांचा जन्म १८२३ सालचा. घराणे तर्खडकरांचे, वसईजवळील तर्खड या गावावरून ते आडनाव पडले. थोरले बंधू दादोबा यांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढील कित्येक पिढ्या त्यांच्या मार्गाने शुद्ध मराठी शिकल्या. दुसरे बंधू भास्कर यांनी १८४१ साली इंग्रजी वृत्तपत्रात पत्रे लिहून कंपनी सरकारच्या कारभारावर कठोर टीका केली. अशा घरात वाढलेल्या आत्मारामांनी वैद्यकाची वाट धरली. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि तेथे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते.

त्या काळी विद्या मिळवणे कठीण होते; पण त्या विद्येप्रमाणे वागणे त्याहून कठीण होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते. जातिभेद मानावयाचा नाही, हा सभेचा निश्चय. त्याची खूण म्हणून सभासद एकत्र बसून पाव खात व कोणत्याही जातीच्या माणसाने आणलेले पाणी पीत. मात्र हे सारे बंद दारामागे चाले. सभासदांची नावे बाहेर फुटली तर घरचे, भाऊबंद व जातीतील मंडळी यांचा रोष ओढवणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. अखेर १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे बाहेर गेली, नावे उघड झाली आणि सभा मोडली. जे गुप्तपणे खरे मानले, ते उघडपणे सांगण्याचे बळ तेव्हा पुष्कळांपाशी नव्हते.

हे बळ आत्मारामांनी दाखवले. बंगालचे ब्राह्म नेते केशवचंद्र सेन १८६४ साली मुंबईस येऊन गेल्यानंतर येथील सुधारकांत नवी हालचाल सुरू झाली होती. तिचे फळ म्हणून ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली. स्थापना झाली ती आत्मारामांच्या घरी, आणि समाजाचे पहिले अध्यक्षही तेच झाले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे पुढे या समाजाचे प्रमुख झाले. बंद खोलीत सुरू झालेला विचार आता एका प्रतिष्ठित डॉक्टरांच्या दिवाणखान्यात, दार उघडे ठेवून, मांडला जाऊ लागला.

या घराची खरी कसोटी मुलींच्या बाबतीत लागणार होती. मुलींना अक्षरओळख करून देण्यासही लोक कचरत, अशा काळात आत्मारामांनी आपली कन्या अन्नपूर्णा हिला इंग्लंडला पाठवून शिक्षण दिले. घरची मंडळी तिला आना म्हणत.

१८७८ साली याच घरी एक पाहुणा आला. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी नोकरीत शिरलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात होती. त्यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले होते, आणि ब्राह्म समाज व प्रार्थना समाज यांच्या नात्यामुळे आत्मारामांच्या कुटुंबाशी त्यांचा स्नेह जुळला होता. त्यांचा धाकटा भाऊ रवींद्रनाथ सतरा वर्षांचा होता. एकामागून एक शाळा सोडलेला हा मुलगा आता विलायतेस निघाला होता. काही महिने अहमदाबादेस स्वतःजवळ ठेवून सत्येंद्रनाथांनी त्याला मुंबईस या स्नेह्यांच्या घरी ठेवले. इंग्रजी संभाषणाचा सराव व्हावा, तिकडच्या चालीरीती कळाव्यात आणि परक्या घरात वावरण्याचा संकोच जावा, हा हेतू.

शिकवण्याचे काम आनाकडे आले. ती वयाने पाहुण्यापेक्षा थोडी मोठी व विद्येने पुष्कळ पुढे होती. पण तिने या मुलाला कधी कमी लेखले नाही. आपल्यापाशी पुस्तकी विद्या फारशी नाही, हे जाणून त्याने आपले कवित्व तिच्यापुढे ठेवले, आणि तिने त्याचा मनापासून आदर केला. तिने त्याच्याकडे स्वतःसाठी एक नाव मागितले. त्याने नलिनी हे नाव दिले व ते एका गीतात गुंफले. दाढी ठेवून चेहरा झाकू नकोस, असे तिने त्याला बजावले होते. तो सल्ला पाळला गेला नाही, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे! त्या वर्षीच्या २० सप्टेंबरला रवींद्रनाथ मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले. विलायतेच्या वाटेवरील ही शाळा जेमतेम दोन महिन्यांची होती.

आत्मारामांचे कार्य पुढेही चालू राहिले. १८७९ साली ते काही काळ मुंबईचे शेरीफ होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोनच भारतीय होते, एक डॉ. सखाराम अर्जुन व दुसरे आत्माराम. आनाने १८८० साली हॅरल्ड लिटलडेल या इंग्रजीच्या प्राध्यापकांशी विवाह केला. पित्याच्या शिकवणीशी हे सुसंगतच होते. परंतु १८९१ साली एडिनबरो येथे तिचे निधन झाले. वृद्ध पित्याला लेकीच्या मृत्यूचे दुःख सोसावे लागले. १८९८ साली आत्मारामांनी देह ठेवला.

१९०१ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात स्वतःची शाळा काढली. आयुष्याच्या अखेरीस, १९४० साली, त्यांनी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा बासष्ट वर्षांपूर्वीचे मुंबईचे ते घर व ती मुलगी त्यांत होती. ज्याला कोणतीही शाळा धरून ठेवू शकली नाही, त्याला एका मराठी घरातील दोन महिने जन्मभर पुरले.

आपली शाळाही परमुलखातील असेच एक मराठी घर आहे. येथे किती मुले शिकून गेली, याची नोंद पटावर असते. कोणाला येथे आपलेपणा मिळाला, याची नोंद मात्र त्या मुलांच्या मनातच राहते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने आपण प्रत्येकाने ती नोंद एकदा उघडून पाहावी. आणि उद्या गावाकडून कोणी चिठ्ठी घेऊन दारी आला, तर आत्मारामांचे घर आठवावे.