खाण नसलेल्या खोऱ्याचा धनी : क्षत्रप नहपान

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात सोन्याची खाण नाही आणि असण्याची शक्यताही नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून येथील काळा पाषाण तयार झाला. सोन्याच्या शिरा असलेले त्याहून कितीतरी जुने खडक दूर दक्षिणेस, कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दुआबात उघडे पडतात. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे प्राचीन खाणकामगार ६०० फुटांहून खोल उतरले होते. तेथील जुन्या लाकडांचे वय सुमारे २००० वर्षे भरते. नाशिकच्या वाट्याला असे काही आले नाही. तरीही पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात सोन्याचा भाव कोरलेला आहे. एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा तो हिशेब. हा भाव ज्याच्या राजवटीत लागला, तो राजा म्हणजे क्षहरात वंशातील शक क्षत्रप नहपान.

भूमकानंतर सत्तेवर आलेल्या नहपानाने सातवाहनांकडून नाशिक, जुन्नर, कार्ले हा घाटमाथा हिसकावून घेतला. त्याच्या काळातील लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शक संवताची मानल्यास इसवी सन ११९ ते १२४ हा काळ निघतो. मात्र अनेक अभ्यासक आता त्याला पहिल्या शतकात नेतात. ४५ व्या वर्षापर्यंत केवळ क्षत्रप म्हणवणारा हा राजा ४६ व्या वर्षाच्या जुन्नर येथील लेखात महाक्षत्रप झालेला दिसतो. तो लेख त्याचा अमात्य अयम याचा आहे.

नहपानाची खरी दौलत बंदरांत होती. भडोच त्याच्या हाती होते, सोपाराही होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात भडोचच्या राजाचे जे नाव येते, ते नहपानाचेच असावे असे बहुतेक विद्वान मानतात. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी उतरत आणि स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल करण्यात मोठा नफा असे. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि उंची मद्य येत असे. पैठणहून अकीक, तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. पैठण ते भडोच हा प्रवास २० दिवसांचा होता. कल्याणकडे निघालेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद आहे. बंदरांची ही चढाओढ लक्षात घेतल्याशिवाय नाशिकसाठी दोन राजवंश का झुंजले, हे उमगत नाही. कोकणातून घाट चढून येणारा माल गोदाकाठी पोहोचे आणि नाशिकजवळचे गोवर्धन हे त्या वाटेवरचे ठाणे होते.

नहपानाचे लेखांतील दर्शन बहुतांशी त्याच्या जावयाकडून घडते. कन्या दक्षमित्रा हिचा पती उषवदात याने नाशिकचे लेणे कोरविले, भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या. दमणगंगा, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. सासऱ्याच्या आज्ञेवरून भर पावसाळ्यात मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या मदतीला धावून जाणारा सेनानीही तोच. ४२ व्या वर्षी त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातील २००० वर दरमहा शेकडा एक, उरलेल्या १००० वर पाऊण टक्का व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज खर्चायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाला २४० कार्षापण होतात आणि वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचे वस्त्र द्यायचे, म्हणजेही नेमके २४०. आजच्या मुदत ठेवीच्या हिशेबनीसाने मान डोलवावी असे हे गणित आहे. पुढे देवब्राह्मणांसाठी ७०,००० कार्षापणांचे दान झाले. ते २००० सुवर्णांइतके, असे सांगतानाच सोन्याचा तो भाव लेखात आला.

स्वतः नहपानाने मात्र चांदी आणि तांब्याची नाणी पाडली. चांदीच्या नाण्यावर एका बाजूस त्याचा मुखवटा, दुसरीकडे बाण आणि वज्र. नाव ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत.

या वैभवाचा शेवट गौतमीपुत्र सातकर्णीने केला. क्षहरातांचा वंश त्याने निर्मूल केल्याचे त्याची माता बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात नमूद आहे. राज्याच्या १८ व्या वर्षी त्याने विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठविली. उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना मिळाले. राजा बदलला, दानाची रीत बदलली नाही.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे गोदाकाठच्या मातीतून चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा निघाला. सर्व नाणी नहपानाची. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. चांदीची खाण या खोऱ्यात नसताना आयते नाणे वितळविण्याचा खटाटोप विजेत्याने केला नाही, यात व्यवहार दिसतो. अर्थात शत्रूच्या चेहऱ्यावर घाव घालण्याचे समाधानही त्यात असणारच. अनेक नाण्यांवर तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह यांच्याखालून नहपानाचे नाक, ओठ आणि ग्रीक अक्षरे अजूनही डोकावतात.