तोंडाला सुटलेले पाणी

नाशकात मिसळीच्या वासाने तोंडाला पाणी सुटले की मला इवान पावलोव्ह आठवतात. १८४९ साली रशियातल्या रियाझानला धर्मगुरूच्या घरी ते जन्मले. पौरोहित्याचे शिक्षण सोडून त्यांनी शरीरशास्त्र धरले. पचनावरील संशोधनाला १९०४ मध्ये नोबेल मिळाले. अन्नाची नुसती चाहूल लागताच कुत्र्याची लाळ गळते, हे त्यांनी थेंब मोजून दाखवले. १९२४ च्या लेनिनग्राडच्या पुरातून त्यांचे कुत्रे कसेबसे वाचले. पण त्या धास्तीने काही कुत्रे शिकलेले विसरून गेले. १९३६ मध्ये पावलोव्ह गेले. मज्जातंतूंचा निरोप लाळग्रंथीतल्या जनुकांनाही जागे करतो, हे पुढे उलगडले. मनातली खळबळ अशी पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचू शकते. ताटावर बसलेल्या लेकराला रागावण्यापूर्वी एवढे आठवावे.