ताराबाई मोडक : अंगणात गेलेली बालवाडी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करताना मॉन्टेसरींचा विचार त्यांना पटला : आधी मुलाचे निरीक्षण, मग शिकवणे. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! मूल कसं चालतं, बोलतं, खेळतं हे तिथे रोज दिसू लागलं. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज गावोगावच्या अंगणवाडीत बाळाचं वजन होतं. दीड वर्षाचं बाळ एकही शब्द बोलत नसेल, तर सेविकाताईंना जरूर सांगा. वेळेवर कळलं तर उपाय लवकर होतो.